खिडकीच्या फटीतली नळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी नळी आहे. वीतभर, कर्ण्यासारखी. पोटुशीच्या पोटावर मला टेकवून बाळाचे ठोके ऐकतात. शहागंजातल्या सुतारानं मला घडवलं. शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी चाळीस वर्षं राबले. पुढं ठोके मोजायचं यंत्र आलं अन् मला खिडकीच्या फटीत कोंबलं, खिडकी आदळू नये म्हणून! राग येणार नाही तर काय?

दुष्काळाचं साल होतं. शहरात मात्र चौकाचौकात सोनोग्राफीची नवी सेंटरं उघडत होती. वॉर्डात मेघा नावाची शिकाऊ डॉक्टर होती, पिशोरची. पुढं कशात तज्ज्ञ व्हायचं, ते तिला त्या दिवशी पाचच्या आत ऑनलाइन भरायचं होतं. तिचा सगळा जीव बाळंतपणात. तीनला वडिलांचा फोन आला.

“जय भीम, बाबा.”

“जय भीम. सोनोग्राफीचंच भर, पोरी. बाळंतपणं नको. बाळ दगावलं की लोक डॉक्टरच्या अंगावर येतेत. मला लई भ्या वाटतं.”

“बघते,” मेघा म्हणाली. तिचा चेहरा पडला.

तेवढ्यात वैजापूरकडची कडूबाई कळा देत आली. दिवस भरलेले, तरी सकाळी पाण्याच्या टँकरच्या रांगेत उन्हात उभी होती म्हणे. यंत्रानं एकशे तीस ठोके दाखवले.

“बाळ बेस हाय,” द्वारकाबाई आया म्हणाल्या.

पण कडूबाईला धाप लागली होती, मेघाच्या कपाळावरची आठी जाईना. “मावशी, खिडकीतली ती नळी द्या बरं.”

तिनं मला पुसलं, पोटावर टेकवलं, कान लावला. दुसऱ्या हातानं कडूबाईचं मनगट धरलं. उन्हानं अन् कळांनी मनगटातली नाडीही एकशे तीसच! म्हणजे यंत्र आईचेच ठोके मोजत होतं. मेघानं मला खाली सरकवलं. मग बाळ ऐकू आलं. धप्... धप्... फार संथ.

“मोठ्या मॅडमना बोलवा! ऑपरेशन, आत्ताच्या आत्ता!”

कडूबाईला आत नेलं, मागोमाग मेघा धावली. फॉर्म तसाच राहिला. घड्याळात चार वाजले, साडेचार झाले. माझा जीव टांगणीला! शेवटी आतून बाळ रडलं अन् द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

पाचला चार मिनिटं कमी असताना मेघानं फॉर्म भरला, मग फोन लावला.

“बाबा, बाळंतपणाचंच भरलं.”

“अन् बाळ दगावलं तर?”

“दगावंल कधीतरी. पण आज मी नसते तर आजच एक दगावलं असतं.”



“जेवलीस का?” बाबांनी विचारलं.

मित्रांनो, नवी यंत्रं खुशाल वापरा. पण आईचं मनगट धरायला विसरू नका, अन् आम्हा जुन्यांना फटीत कोंबू नका. मी आता मेघाच्या खिशात असते. ती खिडकी वाऱ्यानं आदळते. आदळू दे मेली!