जळक्या व्हॅनपुढची खुर्ची

ताईनं प्लॅस्टिकची खुर्ची फरफटत आणली, टोइंगच्या ट्रकचा आकडा आणि जळकी व्हॅन यांच्या बरोबर मधे ठेवली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन तिच्यात बसली. ट्रकवाला आकडा हातात धरून तसाच उभा राहिला. आता आकडा अडकवायचा तर ताईच्या कमरेलाच अडकवावा लागला असता, आणि तेवढी छाती त्याची नव्हती.

“बाई, उठा ना,” तो म्हणाला. “मला अजून दोन गाड्या उचलायच्यात.”

“मग त्या उचला आधी.”

फर्निचरच्या दुकानाचं हे मागचं आवार. सकाळी सोफे घेऊन निघालेली विजेवरची व्हॅन इथंच पेटली होती. आत कुणी नव्हतं हे नशीब. अग्निशमन दलाचं ताईचं पथक धावत आलं, त्यांनी ती विझवली, आणि आता दुपार कलली तरी ताई जागची हलायला तयार नव्हती. धूर नाही, वाफ नाही. काळा सांगाडा आणि खाली साचलेलं पाणी. बघणाऱ्याला वाटावं, झालं, संपलं. पथकातल्या पोरांनाही तसंच वाटत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? पाठीमागं ती ताईला ‘चिंगम’ म्हणत. एकदा चिकटली की खरवडूनही निघायची नाही.

व्हॅनचा मालक मात्र सकाळपासून बोलतच होता. माणूस वाईट नव्हता. ज्या गाडीवर घर चालायचं ती डोळ्यांदेखत जळाली म्हटल्यावर कुणावर तरी ओरडणारच की तो.

“माझी गाडी, माझं गॅरेज, तेही माझ्याच इमारतीच्या तळघरात,” तो म्हणाला. “वर तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. डोळ्यांसमोर राहील. उद्या विम्याचा माणूस यायचाय. रात्रभर इथं उघड्यावर ठेवली तर भुरटे चोर चाकंसुद्धा शिल्लक ठेवायचे नाहीत. यात तुमचं काय जातं हो?”

“चाकं राहिलीत कुठं?”

“मस्करी सुचतेय तुम्हाला!”

“मस्करी नाही, दादा. पेट्रोलची गाडी विझली की विझली. हिची बॅटरी पोटात धुमसत राहते. संध्याकाळी पेटेल, पहाटे पेटेल, नाहीतर पेटणारही नाही. उद्या सकाळपर्यंत मोकळ्यावर राहू दे. तळघरात पेटली तर धूर जाणार कुठं? जिन्यानं वरच ना?”

“पण आत्ता गार आहे की नाही?”

ताईनं काडीकडे पाहिलं. काडी म्हणजे पथकातला सगळ्यात किडकिडीत फायरमन. आग विझवणाऱ्यांत काडी कशाला, हा विनोद शिळा होऊन आंबला तरी कुणी सोडत नव्हतं. काडी गुडघ्यांवर बसला आणि तापमान दाखवणारा कॅमेरा त्यानं व्हॅनच्या पोटाखाली धरला.

“सगळीकडे उतरलंय,” तो म्हणाला. “मागचा डावा कोपरा मघापेक्षा किंचित चढलाय. किंचितच हं.”

“ऊन आलंय त्या बाजूला,” मालक म्हणाला.

“असेलही,” ताई म्हणाली.

हेच तर अवघड होतं. खात्री तिलाही नव्हती. उद्या सकाळी व्हॅन थंडगार निघाली की सगळं फायर स्टेशन पोट धरून हसणार, हे तिला दिसत होतं. हसा म्हणावं. हसणारे जिवंत असतात, एवढं तरी असतं.

तेवढ्यात अग्निशमन दलातले ताईचे वरिष्ठ साहेब आले. मालकानं फोन करकरून त्यांना आणलं होतं. अख्खं आवार मोकळं पडलेलं, तरी त्यांची पांढरी गाडी गेटाबाहेर थांबली आणि साहेब डबकी चुकवत, घाम पुसत उन्हातून चालत आले.

“काय लावलंय हे? खुर्ची काय, राखण काय!”

“गाडी सोडायची नाही म्हणून बसलेय, साहेब.”

“घटनेचा अहवाल संध्याकाळच्या आत वर जायला हवा. आग विझवली, गाडी मालकाच्या ताब्यात दिली. दोन ओळी. त्या लिहायला हात दुखतो का?”

“पहिली लिहिते. दुसरी नाही लिहिणार.”

“आणि हा बंब इथं अडकलाय, त्याचं काय? दुसरीकडे आग लागली तर?”

“ते मात्र बरोबर बोललात,” ताई म्हणाली. “बंब न्या, पोरं न्या. एक पाइप दुकानाच्या टाकीला जोडून घेतलाय. मी आणि काडी बसतो.”

काडीला हे कुणी विचारलं नव्हतं, पण त्यानं मान हलवली.

साहेबांनी आवाज खाली आणला.

“पुढच्या महिन्यात स्टेशनचा चार्ज कुणाला द्यायचा, ते माझ्या शेऱ्यावर ठरणार. ठाऊक आहे ना?”

ठाऊक नसायला काय झालं! त्या स्टेशनसाठी ती किती वर्षं झुरत होती, ते तिचं तिला माहीत. प्रमुखाच्या खोलीतलं टेबल खिडकीकडे सरकवायचं, म्हणजे बसल्याजागी बंब दिसतो, इथवर मनात ठरून गेलं होतं. ती अंगठ्यानं हेल्मेटवरची काजळी घासत राहिली. काजळी निघेना, नुसती पसरत गेली. मग तिचे कान तापले.

“साहेब, माणसं झोपतात त्या घराखाली ही गाडी माझ्या हातानं मी पाठवणार नाही. शेरा काय मारायचा तो मारा.”

“अहो, विझलीय ती! मढं झालंय तिचं! मी सांगतोय ना, काही होत नाही!”

ताई उठली. ट्रकवाला आशेनं एक पाऊल पुढं आला. पण तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तोंडाशी हात धरून ती गेटाच्या दिशेनं ओरडली.

“ड्रायव्हरकाका! साहेबांची गाडी आत आणा! उन्हात तापतेय बिचारी. इथं लावा, व्हॅनला अगदी लागून. पलीकडून भिंतीची सावली आहे.”

काका आज्ञाधारक माणूस. त्यांनी गाडी सुरू केली आणि गेटातून तिचं नाक आत घातलं.

“अहो, थांबा! थांबा! तिथंच राहू द्या!”

हे साहेब ओरडले होते. हातही वर गेला होता.

गाडी जागच्या जागी थांबली. काडीनं कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली, ती स्वच्छच होती. साहेबांचा हात हळूहळू खाली आला आणि खिशातल्या रुमालाकडे गेला.

“मला लगेच निघायचंय,” ते म्हणाले. “म्हणून म्हटलं.”

“हो ना,” ताई म्हणाली.

“मी याचा लेखी खुलासा मागणार आहे.”

“मागा. लेखीच देईन.”

साहेब आले तसे डबकी चुकवत निघाले. ताई खुर्चीत बसली आणि तिनं हेल्मेट पुन्हा मांडीवर घेतलं. स्टेशन गेलं. टेबल आहे तिथंच राहणार. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण उठावंसं वाटलं नाही.

मालकानं एकदा व्हॅनच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग ट्रकवाल्याकडे वळला.

“आकडा ठेव आत. उद्या ये.”

मग चार पावलं बाजूला जाऊन त्यानं फोन लावला.

“हां, ऐक. गाडी घरी आणत नाहीये... नाही गं, विझलीय... हो, तळघर झाडून ठेवलंस, कळलं मला. तरी नाही आणत... अगं, का म्हणजे?”

गेटातून पांढरी गाडी मागं मागं जात रस्त्याला लागत होती. ती वळेपर्यंत तो बघत राहिला.

“साहेबांनी त्यांची नाही लावू दिली तिच्याशेजारी.”