एका तासाचा शोक

२०२१ साल. एप्रिलच्या अखेरीस करोना होऊन आम्ही नवरा-बायको दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत दाखल झालो. मी एक्केचाळीस दिवसांनी जुळे सोलापूर भागातल्या घरी परतले. माझे यजमान, ओबेद, तिसऱ्याच दिवशी गेले होते, हे मला घरी आल्यावर कळलं. तोवर आमचा एकुलता मुलगा, अवनेर, रोज फोनवर तोंड दाखवून सांगायचा, "बाबा झोपलेत, आई. उद्या बोलतील."

आम्ही बेने इस्राएल. घरातलं माणूस गेलं की अंगावरचा कपडा छातीपाशी फाडून सात दिवस जमिनीवर बसायचं, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. पण बातमी महिना उलटून गेल्यावर कळली, तर शास्त्राप्रमाणे एकच तास बसायचं. मी बसले. घड्याळाकडे बघत. एकावन्न वर्षांचा संसार आणि एक तास. उठले, ते पुन्हा मला बसताच येईना.

खरंच येईना. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. शुक्रवारी, शब्बाथच्या संध्याकाळी अवनेर द्राक्षरसाच्या पेल्यावर प्रार्थना म्हणायचा आणि मी गॅलरीत फेऱ्या मारत असायचे. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मनाच्या डॉक्टर वैजयंतीबाईंनी गोळ्या दिल्या, विचारलं, "कुणावर राग आहे का?" मी "नाही" म्हणाले. त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामीच होती.

जानेवारीत अवनेरनं मलिद्याचं काढलं. आई वाचली तर मलिदा करीन, असा आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, त्याचा नवस होता. गोड पोहे, खोबरं, फळं, चार माणसं, प्रार्थना. माझ्या जगण्याचे आभार!

"मी नाही बसणार त्या ताटाशी," मी म्हणाले.

"आई, नवस आहे."

"तुझा आहे, तू फेड. एवढं खोटं बोलता आलं, हेही येईल."

पोह्यांची पिशवी ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "माझं तोंड बघवत नसेल तर सांग. पुण्याची बदली घेतो." आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

शेजारच्या गौरम्मा नारळ खवायला आल्या होत्या. तोंडानं फटकळ.

"अक्का, लई बोललात की त्याला."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार की! सात दिवस दारात ताट मी ठेवलंय. पहिल्या जेवणाला अंडं लागतं म्हणाला. आमच्या लिंगायताच्या घरात अंडं! म्हटलं, भाकरी न् शेंगाची चटणी खा, तुमचा देव समजून घेईल."

"कुणाला ताट?"

"अवनेरला. हितं, ह्या फरशीवर एकटा बसलेला. छातीवर शर्ट फाडलेला. तुमच्या फोनची वेळ झाली की वरून दुसरा शर्ट चढवायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायचा, हसून बोलायचा. फोन ठेवला की परत फरशीवर. मला दारातून बघवायचं न्हाय."

ती बटणं मला आठवली. एवढ्या उकाड्यात गळा कशाला आवळून घेतोस, म्हणून मी दवाखान्यातून त्याला ओरडले होते.

मी जिन्यात गेले. "तो फाडलेला शर्ट कुठाय?"

"कपाटात."

"आण."

डाव्या बाजूला, काळजापाशी, वीतभर फाटलेला होता. राग गेला नाही. पण म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांग. काही वगळू नकोस." तो फरशीवर बसून सांगू लागला. मी शर्ट हातात घेऊन त्याच्याभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत आला, बाबांना माती दिली तेव्हा मी लांब फाटकापाशी उभा होतो म्हणाला. तेव्हा मी त्याच्या शेजारी खाली बसले. उरलेले दिवस तिथंच ऐकले.

मलिदा आठवड्यानं झाला. मी दोनदा उठले, दोनदा परत बसले.

गौरम्मा आता अक्कलकोटला लेकीकडे असतात. फोनवर अजून भांडतात. वैजयंतीबाईंनी माझ्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. अवनेरनं पुण्याची बदली दोन वर्षांनी घेतलीच, पण बढतीसाठी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी येतो. तब्येत बरी आहे म्हणतो आणि खोकतो. खोटं मी लगेच पकडते.