विनीचा खडक

फेस्टीला यातून मिळणार होता एक खडक, तोही दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा. पण आयर्लंडमधल्या आमच्या मेयोच्या किनाऱ्यावर तेवढ्यासाठीही माणूस खोटं बोलतो. इथे प्रत्येक घराण्याच्या नावाचं काहीतरी आहे. गॉनांची खाडी आहे, बॅरेटांचा उतार आहे. जुन्या पाद्र्याच्या गाढवाच्या नावाचीसुद्धा विहीर आहे. फेस्टीच्या घराण्याचं मात्र काही नाही. त्याचा आजा मार्टिन कुठूनसा होडीतून आलेला. पबमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "काय रे, ओहोटीबरोबर परत जायचं विसरलात का?"

मला मिळणार होती शुक्रवारच्या बाजाराला जायला फेस्टीच्या गाडीतली जागा. म्हणजे ती होतीच. टिकवायची होती एवढंच.

कॅसलबार शहरातून नकाशावाल्या बाई आल्या. कुठेच न लिहिलेली नावं त्या गोळा करत होत्या. एकाने नाव सांगायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, असा नियम. खाडीच्या तोंडाशी असलेल्या काळ्या खडकाकडे बोट करून फेस्टीने सांगितलं, मार्टिनचा खडक. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वरच्या घरातल्या म्हातारीला विचारू का, असं त्या म्हणाल्या, तर फेस्टी म्हणाला, तिचं डोकं ठिकाणावर नसतं. त्यालाही मी मान हलवली.

ती म्हातारी म्हणजे सोर्चा, माझ्या आईची मावसबहीण. डोळे गेलेत, डोकं माझ्यापेक्षा शाबूत. तिची थोरली बहीण विनी सतराव्या वर्षी त्या खडकावर शेवाळ काढायला गेली आणि लाटेबरोबर गेली. देह मिळाला नाही, म्हणून दफनभूमीत तिच्या नावाचा दगड नाही. होता तो हाच. विनीचा खडक हे नाव गावात तीनच तोंडी उरलं होतं. त्यातली दोन आम्ही मिटून घेतली.

नकाशा गावच्या सभागृहात लागला, तेव्हा सोर्चा माझ्या हाताला धरून आली.

"मार्कस, विनी कुठाय ते दाखव."

मी तिचं बोट खडकावर ठेवलं.

"काय लिहिलंय?"

मागे फेस्टीने चहाचा कप खाली ठेवलेला ऐकू आला.

"विनीचा खडक, मावशी."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिने बोट उचललं नाही.

"मला न विचारता काहीतरी भलतंच लिहितील, असं वाटलं होतं. तुम्ही दोघांनीच सांगितलंत ना? फेस्टी, इकडे ये." तिने त्याचा हात चाचपून धरला. "तिला शोधायला पहिली होडी तुझ्या आजाने काढली रे. गॉन नि बॅरेट काठावर उभे होते."

फेस्टी माझ्याकडे बघत राहिला. मी नकाशाकडे.

बाईंचा पत्ता त्या नकाशाखालीच छापलाय. नाव बदला म्हणून पत्र लिहायचं तर आम्ही काय केलं तेही लिहावं लागेल. अजून लिहिलेलं नाही. शुक्रवारी आम्ही गाडीतून जातो, बोलत नाही.

तर फेस्टीला खडक मिळाला, माझी जागा टिकली. गेला तो सोर्चाच्या बहिणीचा एकुलता एक दगड. आणि त्यावर तिने आभाराचे म्हणून, दोघांच्या घरी एकेक, असे दोन पाव भाजून पाठवले.