नव्या भाताचा घास

गौराबाईंनी पूजेआधी नवा भात खाल्ला आणि तिथंच सगळं बिनसलं, असं निदान त्यांचं तरी म्हणणं. जामसर गावात नवं धान्य आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवायचं आणि मगच तोंडात घालायचं. पण म्हाताऱ्या माणसाला मेली भूक आवरते थोडीच! मूठभर शिजवून खाल्ला, तर खाताखाताच कपाळावरून, गालांवरून घामाच्या धारा लागल्या. बाकी अंग कोरडं ठणठणीत.

मग पेज असो की भाकर, घास घेतला की तोंड न्हाऊन निघायचं. "कणसरीनं धरलं मला," गौराबाई सारख्या म्हणायच्या. सून हर्षाली म्हणायची, "आत्या, जव्हारच्या डॉक्टरांना दाखवू या." ऐकतंय कोण! पूजा होईस्तोवर अन्नाला शिवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मधुमेहाची गोळी मात्र चुकवली नाही. गोळी म्हणजे अन्न थोडंच!

हर्षालीला या उपासाचं काही माहीत नव्हतं. दुपारी ती खळ्यावरून आली, तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या, लुगडं ओलंचिंब, हात लटलट कापतायत. अंगाला हात लावला तर गार. आणि तिच्याकडं बघून विचारतात, "तू कोणाची गं?"

हर्षालीनं मदतीला कोणी दिसतं का पाहिलं. नवरा मोखाड्याला शाळेवर, शेजारी सगळे खळ्यावर. तिनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला.

"सकाळपासून काय खाल्लंय त्यांनी?"

चूल गार, भाकरी टोपलीत तशीच. "काहीच नाही हो. गोळी तेवढी घेतलेली दिसतेय."

"आणि गोळी घेतली? अगं बाई, साखर खाली गेलीय! गिळता येतंय तोवर साखरपाणी पाज, आत्ताच्या आत्ता!"

हर्षालीनं पेल्यात साखर ढवळून तोंडाशी नेली, तर गौराबाईंनी दात आवळून धरले. "पूजा व्हायचीय," एवढंच पुटपुटल्या.

"पाप लागायचं ते मला लागू दे! प्या!" हर्षाली ओरडली. सासूवर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. भीतीनं तिला रडू फुटलं होतं. ही बाई आपल्या मांडीवरच जाते की काय! पण एक घोट गेला, मग दुसरा. बऱ्याच वेळानं गौराबाईंनी तिला नावानं हाक मारली.

जीप करून दोघी जव्हारला गेल्या. डॉक्टर म्हणाले, "जुन्या मधुमेहात नसा बिघडतात, म्हणून जेवताना तोंडाला घाम येतो. चेहऱ्याला लावायचं औषध देतो, हळूहळू कमी होईल. त्या घामानं जीव जात नाही, आजी. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर जाईल. आणि न जेवता घाम सुटला तर तोंडात आधी साखर."

संध्याकाळी हर्षालीनं ताट वाढलं. घरात तांदूळ होता तो नवाच. गौराबाई ताटाकडं नाही, तिच्याकडं बघत राहिल्या.

"पाप मला लागू दे म्हणालीस. कणसरी ऐकते गं सगळं."

"ऐकू दे. तुम्ही जेवा, आत्या."

गौराबाईंनी हात जोडले. "माये, धरायचं तर मलाच धर. माझ्या पोरीला नको." आणि नव्या भाताचा मोठा घास घेतला. तोंडावरून घाम वाहू लागला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही, जेवत राहिल्या.