डॉक्टर मुराद मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी

रिफातच्या घरचे लग्न ठरवायला आले आणि नश्वाच्या आईने त्यांच्यापुढे ठेवली बिनसाखरेची कॉफी. अख्ख्या शुब्रा मोहल्ल्यात ही कॉफी फक्त मयताच्या घरी देतात!

"आई, सरबत!" नश्वा दातओठ खात पुटपुटली. वडिलांना लोणी लावलावून तिने ही बोलणी कशीबशी इथवर आणली होती.

"कालच्या भागात डॉक्टर मुराद गेला," आईने नाक शिंकरलं. "आणि मी सरबत वाटू? जनाची नाही तर मनाची तरी!"

हजला जाऊन आलेली रिफातची आई, हाज्जा कद्रिया, एक घोट घेऊन फिस्कारली. "त्या मालिकेतला मुराद? बरं झालं मेला! पहिल्या बायकोला वाऱ्यावर सोडलं मेल्याने."

"तोंड सांभाळा, हाज्जा! देवमाणूस होता तो."

"असल्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांची मुलगी मी सून करू? ऊठ रे, रिफात!"

हाज्जा ताडकन उठली आणि तिच्यामागे रिफातही उठला की! नश्वाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट खाली बसला. दोन्ही बाप तर केव्हाच सिगरेटी घेऊन गॅलरीत पळाले होते.

नश्वाने ती मालिका कधी धड पाहिली नव्हती. पण अशा आईच्या घरात वाढल्यावर मालिकांचे नियम तिला पाठच होते!

"प्रेत पाहिलं का कुणी?" तिने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आंघोळ घातली? कफन? कबर तरी दाखवली?"

"नाही गं... नुसती गाडी जळाली," आई म्हणाली.

"मग कसला मेलाय तो!"

हाज्जा मटकन बसली. "म्हणजे पहिलीकडे परत जाईल!"

"छे, दुसऱ्या बायकोकडे!" आईने टीव्ही लावला. "सरका जरा, आज कळेलच."

दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. श्वास रोखलेले. आणि नेमकी जाहिरात लागली.

"बाबा! काका! आत या!" नश्वा ओरडली. "फातिहा वाचून लग्न पक्कं करा, पटकन! साबणाची जाहिरात लांबलचक असते!"

सगळ्यांचे हात वर झाले, ओठ भराभर हलले. इकडे "आमीन" आणि तिकडे पडद्यावर, इस्पितळाच्या खाटेवर, पट्ट्यांत गुंडाळलेलं एक बोट हललं. दोन्ही आया लग्नघरातल्या रिवाजाप्रमाणे जिभा नाचवत आनंदाने किलकारल्या.

ते नक्की कुणासाठी, हे नश्वाने विचारलं नाही. ती सरबत आणायला धावली.