बटणांचा डबा आणि फाटका आवाज

थोरल्यानं बहिणीला बँडमधून काढायची भाषा केली तेव्हा आईच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तो वाचला.

शिवणकामाचं दुकान तिचं, मागच्या दोन खोल्यांतलं घर तिचं, आणि दोन्हीकडे कुणी काय बोलायचं तेही आजवर तीच ठरवत आलेली. पण ओठांत टाचण्या धरून कुणाला झापता येत नाही. पुतळ्यावरच्या कोटाची बाही टाचून होईपर्यंत पोरगा सगळं बोलून मोकळा झाला होता.

"बारके, तुझी गिटार ऐकूच येत नाही," तो म्हणत होता. "बाटलीत माशी अडकल्यासारखी कुणकुणते. आपल्याला हॉलमध्ये वाजवायचंय, न्हाणीघरात नाही. रविवारच्या तालमीला आवाज भरून आण. नाही तर छापखान्यातला तो पोरगा तयारच बसलाय."

"मग तुझ्या पेडलवरून वाजवू दे ना एकदा," बारकी म्हणाली.

"ते काय सार्वजनिक नळ आहे, कुणीही यावं आणि भरून न्यावं?"

पेडल म्हणजे पायाशी ठेवायची लोखंडी डबी. गिटारची वायर एका अंगानं आत जाते, दुसऱ्या अंगानं स्पीकरच्या खोक्याकडे निघते, आणि वरचं बटण पायानं दाबलं की बारीक आवाजाला अंग धरतं, तो जाड होतो, खरखरीत होतो. थोरल्याजवळ बाजारातलं होतं, लाल रंगाचं. ते तो मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचा. स्वतःच्या आईच्या खांद्यावर कधी शाल टाकली नसेल, पण डबीला गारठा लागू द्यायचा नाही.

शेवटची टाचणी कोटात खुपसून आई वळली तोवर तो रस्त्याला लागला होता. तोंडात साठलेला राग मग बारकीच्या वाट्याला गेला.

"तू काय गं ऐकून घेतेस त्याचं? तोंडात दोन शब्द नाहीत?"

"आहेत."

"मग कुठे ठेवलेस? कुलपात?"

खिडकीशी काजं करत बसलेल्या वन्सं खुदकन हसल्या. वन्सं म्हणजे आईची थोरली नणंद. त्यांना कमी ऐकू यायचं, पण टोमणा तेवढा अचूक ऐकू यायचा. "तिच्या वाटचे शब्दही तुम्हीच बोलून टाकता वहिनी, तिच्याजवळ उरणार कुठून?"

आईनं नणंदेकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाच्या हातातली सुई गळून पडली असती. वन्संनी शांतपणे नवा दोरा ओवला.

बारकीनं फळीवरचा बटणांचा पत्र्याचा डबा काढला, बटणं एका कापडी पिशवीत ओतली आणि रिकामा डबा नखानं वाजवून पाहिला.

"आता हे काय?"

"पेडल करतेय. माझं मी."

"आणि माझी बटणं?"

"बटणांना पिशवी चालते, आई. पेडलला नाही चालत."

त्या आठवड्यात कापायच्या टेबलाचा एक कोपरा बारकीनं बळकावला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीतून तिनं कागदी पुडीत सुटे भाग आणले: रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, मसुरीएवढे कपॅसिटर, आणि तीन-तीन पाय असलेले दोन काळे ट्रान्झिस्टर. आवाज चढवायचं काम त्या दोघांचं, बाकीचे नुसते हाताखालचे, असं तिनं वन्संना ओरडून समजावलं. "म्हणजे या घरात तुझी आई आणि मी," वन्सं म्हणाल्या. फोनवर मिळालेलं जोडणीचं चित्र बारकीनं कागदावर मोठं करून काढलं आणि भिंतीला टाचलं. मग डब्याला भोकं पाडली, धारदार कडा कानशीनं घासल्या, भोकांच्या पट्टीवर एकेक भाग बसवून मागून सोल्डर करत गेली.

आई करवादत होती. पांढऱ्या शर्टांना धुराचा वास लागला तर गिऱ्हाइकांना काय तुमचा बँड ऐकवू, म्हणाली. डब्याच्या पत्र्यानं कात्रीची धार गेली, म्हणाली, कात्री त्या बाजूला फिरकली नसताना. पण टेबलावरचा दिवा तिनंच त्या कोपऱ्याकडे सरकवला. पोरीचा हात स्थिर होता. सोल्डरचे टाके बारीक, एकसारखे, कुठे गाठ नाही. हे आईला दिसत होतं, आणि तिला बोलून दाखवायचं नव्हतं. चांगलं म्हटलं की माणूस तिथेच थांबतं, असं तिचं मत होतं.

रविवारी सकाळी सगळं जोडून झालं. बारकी कोपऱ्यावर बॅटरी आणायला गेली. वन्सं मागे अंघोळीला. आई टेबलाशी आली, चष्मा लावला, पट्टी उलटी करून हातात धरली आणि भिंतीवरच्या चित्राशी ताडून बघू लागली.

आणि तिचं डोकं फिरलं.

या घरात काम व्हायचं ते कापडाच्या उलट्या बाजूनं. फर्मा, म्हणजे बेतायचा कागदी नमुना, सुलट्या बाजूचा असतो, खडू मागून मारायचा असतो, म्हणून डावं ते उजवं करून घ्यायचं. बोलायला लागायच्या आधी या घरातलं पोर हे शिकतं. बारकीनं जोडकाम मागून केलं होतं आणि चित्र मात्र जसंच्या तसं उतरवलं होतं. चित्रात ट्रान्झिस्टरचा डावीकडचा पाय पट्टीच्या मागेही डावीकडेच. म्हणजे फिरवलंच नव्हतं. आठवडाभर मान मोडून काम केलं आणि डावी बाही उजव्या खांद्याला लावली. आता हे घेऊन ती त्या शहाण्यासमोर जाणार, आणि तो हसणार.

आईनं इस्त्रीच्या वायरी जन्मभर स्वतःच जोडल्या होत्या. सोल्डरची तापती सळई तिला परकी नव्हती. दोन्ही ट्रान्झिस्टर तिनं उपटले, फिरवले, पुन्हा बसवले. मागे पाय लोंबत होते. ते तिनं कात्रीनं मुळाशी कापून टाकले. शिवण संपली की लोंबता दोरा ठेवत नाही कुणी.

बारकी बॅटरी घेऊन आली तेव्हा आई टेबलाशीच बसून हात पुसत होती.

"आता लाव. सरळ करून ठेवलंय मी."

"काय सरळ केलंस?"

"ते दोन तीनपायी. चित्र फिरवायचं विसरली होतीस. नशीब मी बघितलं."

बारकीनं डबा पुढे ओढला. बॅटरी लावली, वायरी खोचल्या, गिटारच्या जाड तारेवर अंगठा मारला आणि डब्यावरचं बटण दाबलं. म्हाताऱ्या मांजरानं खोकावं तसं काहीतरी झालं, आणि तेही अर्ध्यावरच मेलं.

तिनं पट्टी उलटी केली. एकेक टाका बोटानं चाचपून बघितला.

"हे चित्र मागच्याच बाजूनं काढलेलं असतं, आई. मुळातच फिरवलेलं. तू परत फिरवलंस."

"मागच्या बाजूचं चित्र कोण काढतं?"

"ज्यांना मागून जोडायचं असतं ते. खाली लिहिलंय."

"मग तसं सांगायचं होतंस."

"तू विचारलंस? आणि पाय कुठे गेले यांचे?"

"लोंबत होते."

"ते दोरे नाहीत," बारकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वन्सं ओल्या केसांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी शाळेच्या पिशवीला पट्टा लावला, तो तू उसवून लावलास. माझी वेणी मी घातली, ती तू दारात थांबवून पुन्हा घातलीस. या घरात मी केलेलं एक काम मी केलं तसं राहिलं असेल तर दाखव मला. दादा निदान तोंडावर सांगतो की तुला आवाज नाही. तू सांगतसुद्धा नाहीस. तू सरळ माझ्या जागी बोलायला लागतेस."

"जीभ बघा हिची," आई नणंदेला म्हणाली.

"बघतेय," वन्सं म्हणाल्या. "ओळखीची वाटते."

"तुझ्या भल्यासाठी केलं, आणि मलाच..."

"ऊठ तिथून. टेबलाजवळ यायचं नाही. पाणी द्यायलासुद्धा यायचं नाही."

"टेबल माझं आहे."

"माहितीये. ऊठ."

आई उठली. का उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. या दुकानात तिला ऊठ म्हणणारं माणूस जन्मायचं होतं, आणि ते जन्मून एवढं मोठं झालं होतं. अंगाचा नुसता भडका उडाला होता. पोरीवर, पोरावर, मागून चित्रं काढणाऱ्यांवर, आणि त्या दोन मुंगळ्यांएवढ्या वस्तूंवर, ज्यांना धड सुलटं-उलटं कळत नव्हतं. ती मशीनवर जाऊन बसली आणि रविवार असून पडद्यांच्या कडा शिवायला लागली. पहिल्याच कडेला सुई तुटली. दुसरी घातली.

टेबलाकडे तिची पाठ होती. पण समोर गिऱ्हाइकांसाठी लावलेला उभा आरसा होता, आणि त्यात सगळं दिसत होतं. रेडिओवाल्यांची गल्ली आज बंद. दुसरे ट्रान्झिस्टर मिळायचे नव्हते. बारकी केसाएवढ्या तारेचे तुकडे कापून त्या थोट्या पायांना एकेक जोडत होती, आणि तालमीला निघायची वेळ जवळ येत होती. सळई बोटाला लागली. पोरीनं बोट तोंडात घातलं. आई अर्धी उठली.

"बसा," वन्सं मान वर न करता म्हणाल्या.

आई बसली. नणंदेचं ऐकावं लागलं याचा राग वेगळा.

मग तो आवाज आला.

जाड कॅनव्हासला कडेशी खाच मारावी आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात टोकापर्यंत फाडत न्यावं, तसा. आईचे हात मशीनवरून आपोआप उचलले गेले. आपलंच कापड कुणीतरी फाडतंय असं वाटून ती गर्रकन वळली. कापड जागच्या जागी होतं. बारकी एक पाय डब्यावर ठेवून उभी होती, तार अजून थरथरत होती, आणि खिडकीची काच तिच्याबरोबर.

"हे मला ऐकू आलं," वन्सं म्हणाल्या.

आईनं ओठ घट्ट मिटले. चांगलं म्हणायचं नव्हतं. आज तर मुळीच नाही.

थोरला स्पीकरचा खोका न्यायला आला तो याच वेळी. त्याच्याबरोबर ढोल वाजवणारा ठोक्या होता. दोन्ही काखांत ढोल घेऊन तो दारातच थबकला. बारकीनं पुन्हा एकदा तार छेडली. थोरला डब्याभोवती फिरला. पत्र्यावर अजून बटणांचं चित्र होतं.

"वाईट नाही," तो म्हणाला. "उलट बरंच आहे. पण असला आवाज गाण्याच्या मधल्या तुकड्याला लागतो, आणि तो तुकडा मी वाजवतो. असं करू, हे मला दे. तू माझं लाल वापर. बघ, माझं लाल देतोय तुला."

"नाही," बारकी म्हणाली.

"अगं, बँडच्या भल्यासाठी."

"भलं खूप झालं आज माझं. नाही."

"मग लावू का फोन छापखान्यात?"

"लाव. त्याच्याकडे हा आवाज असेल तर घे त्याला."

"त्याच्याकडे नाही," दारातून ठोक्या म्हणाला. "मी ऐकलंय त्याला. मी हिच्याबरोबर वाजवतो, बाबा. तुझं तू बघ." आणि तो ढोल सावरत रस्त्यावर निघून गेला.

बारकीनं डबा काखेत मारला, गिटार पाठीला लावली आणि स्पीकरचा खोका एका हातानं दाराकडे ओढायला लागली. खोका उंबऱ्याला अडला.

थोरला आईजवळ आला. लहानपणी खेळणं हवं असलं की यायचा तसाच, खांदा पुढे करून. "आई, तू सांग ना तिला. तू म्हटलंस तर देईल ती."

खरं होतं ते. आईनं एकदा दरडावून सांगितलं असतं तर पोरीनं कदाचित अजूनही दिलं असतं. सकाळच्या बोलण्याची परतफेडही झाली असती. पाठ करून ठेवावी अशी वाक्यं आईच्या जिभेवर आली होती. दारात बारकी थांबली होती. मागे बघत नव्हती, पण मान ताठ झाली होती.

"माझं कशाला ऐकेल ती?" आई म्हणाली. "आणि ऐकलंन तर मी तिला घरात घेणार नाही."

"पण डबा तर दुकानाचा आहे."

"तूसुद्धा दुकानाचाच आहेस. फुकट जागा अडवून बसलायस, मी बोलले का कधी? चल, तो खोका उचल."

"मी?"

"ठोक्याच्या हातात ढोल आहेत. तिच्या हातात तिचं सामान आहे. तुझ्या हातात काय आहे?"

थोरल्यानं हातांकडे बघितलं आणि खोका उचलला. बारकी बाजूला झाली, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि त्याच्यामागून निघाली. आईकडे बघितलं नाही, येते म्हणाली नाही, आभार तर लांबच. आईचा राग जिथल्या तिथे होता. वाढलाच होता म्हणा.

वन्सं चपला घालत होत्या.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तालमीला. मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही."

आईनं पडद्याची कड मशीनखाली सरकवली. "जा, जा. आणि आल्यावर मला एक अक्षर सांगायचं नाही."

"सगळं सांगते," वन्सं म्हणाल्या, आणि दार उघडं टाकून गेल्या.