पुढची डावी जागा

थेंब तसाच होता. तपकिरी गादीच्या दोन शिवणींमधल्या उंचवट्यावर, वाटाण्याएवढा, गोल, पोटात पोर्चच्या छताचा एक वाकडा तुकडा घेऊन बसलेला... मुरत नव्हता, पसरत नव्हता, ओघळून जाण्याचीही त्याला घाई नव्हती. प्रेमकुंवरने लोटी सरळ धरली आणि वाकून पुन्हा पाहिले. उजवीकडच्या, चालवणाऱ्याच्या गादीवर सोडलेला थेंब मघाशीच संपला होता. आधी एक काळा ठिपका, मग कडेकडेने वाढत गेलेली ओल, मग नुसताच एक गडद डाग. जणू गादीने तोंड उघडून तो पिऊन टाकला. आणि ही डावीकडची मात्र... हिला तहानच नव्हती.

खूण सकाळी लीलाधरने सांगितली होती. लीलाधर धुळ्याचा, जुन्या गाड्यांच्या गाद्या, दारांची अस्तरे, छताचे कापड दुरुस्त करणारा, पन्नाशीला टेकलेला कारागीर. खरे चामडे पाणी पिते, रेक्झिन पीत नाही, एवढे बोलून तो मागच्या दारांची अस्तरे धुवायला गेला होता. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून काही मानण्याची सवय प्रेमकुंवरला चौऱ्याहत्तर वर्षांत लागली नव्हती. म्हणून ती पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीवरून उठली आणि आपल्या पिण्याच्या लोटीतले पक्के पाणी — पहाटे उकळून, गाळून, गार केलेले, सूर्यास्तापर्यंत पुरवायचे, त्यानंतर पाणी वर्ज्य — तिने दोन्ही गाद्यांवर वरूनच, बोट न लावता, थेंब थेंब सोडले. चामड्याला बोट लावायचे नाही, हा नियम तिने सोळाव्या वर्षी धुळ्याच्या जैन स्थानकात महासतीजींसमोर हात जोडून घेतला होता. त्यानंतर पायात चप्पल आली ती कापडाची किंवा रबराची, घड्याळाला पट्टा आला तो स्टीलचा. नियमाला ऋतू नसतात, असे ती सुनांना सांगत असे.

गाडी मॉरिस मायनर, सन छप्पनची, चार दारांची. प्रेमकुंवरच्या नवऱ्याने, सुरेशचंदजींनी, ती एकोणऐंशी साली धुळ्याच्या मिलमधल्या एका इंजिनिअरकडून घेतली आणि जळगावच्या याच पोर्चमध्ये आणून उभी केली, तेव्हा कुंकवाचे ताट हातात धरूनच तिने विचारले होते, आत काय लावले आहे? चामडे, असे उत्तर आल्यावर ताट तसेच आत गेले. आठ दिवसांत मागची गादी रेक्झिनची झाली. पुढच्या दोन राहिल्या. तुम्हांला पुढे बसायचेच नाही, मग असू द्या, असे ते म्हणाले, आणि नव्या नवलाईने स्टिअरिंगच्या चाकावरून हात फिरवणाऱ्या त्या माणसाला तिने तेवढे सोडून दिले. हुकूम एवढाच केला, की पुढच्या गाद्यांवर कायम पांढऱ्या खोळी हव्यात, ते चामडे तिच्या दृष्टीला पडता कामा नये. पडले नाही. खोळी काढणे-घालणे ते स्वतः करीत, नोकरालाही हात लावू देत नसत. ते पुढे, ती मागे, मध्ये निळीतून काढलेले पांढरे कापड... अशी एकोणचाळीस वर्षे. नंतरची सहा वर्षे गाडी ताडपत्रीखाली होती, कारण चालवणारा माणूस उरला नव्हता.

आणि आता येत्या बारा तारखेला चेलनाचे लग्न. नातीला सासर मिळाले तेही धुळ्याचेच, आणि तिने हट्ट धरला की जाईन तर दादाजींच्या गाडीतून जाईन. नवरा चालवील, मी शेजारी बसेन. प्रेमकुंवरने हट्ट मान्य केला, एका अटीवर. चामड्याची चिंधीसुद्धा या गाडीत राहता कामा नये. लीलाधरला त्यासाठीच बोलावले होते. मागचे रेक्झिन साबणाच्या फेसाने उजळवायचे, दारे पुसायची, आणि पुढच्या दोन्ही गाद्या फाडून नव्या करायच्या. सकाळी खोळी निघाल्या तेव्हा चेलना ड्रायव्हरच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग वळून म्हणाली, "दादी, इथे दादाजींच्या पाठीचा खळगा आहे."

"असेल."

"हे फाडल्याने ते जनावर परत उठून चरायला जाणार आहे का?"

"नियम जनावराला कळावा म्हणून घेत नाहीत, चेलना. आपण कोण आहोत हे आपल्याला कळावे म्हणून घेतात."

नातीने दार लावून घेतले. स्कूटी काढून शिंप्याकडे निघून गेली. मुलीच्या जातीला इतके गप्प राहता येणे बरे नव्हे, असे प्रेमकुंवरला वाटले, आणि लगेच असेही वाटले, की हे गप्प राहणे आपण कोठे तरी पाहिले आहे.

थेंब तसाच होता.

आता दोन्ही गाद्या शेजारी शेजारी पाहिल्यावर तिला उमगले, की त्या सारख्या नव्हत्याच. रंग तोच, पट्ट्यांची शिवण तीच, काठाची गोलाईही तीच. पण उजवी सुरकुतलेली, भेगाळलेली, शेंग वाळावी तशी, आणि डावी गुळगुळीत. कोणी बसलेच नाही म्हणून गुळगुळीत, असे सकाळी ती धरून चालली होती. कोणी बसले नव्हते, हे खरेच. ते कोणाला बसू देत नसत. मुलगा संयम बारा वर्षांचा असताना पुढे बसायचे म्हणून रडरड रडला होता. त्यालाही त्यांनी उचलून मागे तिच्या शेजारी आणून ठेवले होते. मी तेव्हा मनात म्हटले होते, की माझा नियम हा माणूस माझ्या मुलांनाही पाळायला लावतो आहे. किती ताठ बसले होते मी त्या दिवशी, मागच्या गादीवर!

तिने लीलाधरला हाक मारली. तो ओले हात झटकत आला, वाकला, थेंबाकडे पाहिले, अंगठ्याच्या नखाने गादीची कड जराशी उचलून पाहिली.

"हाई चामडं नही शे, अक्का," तो म्हणाला. "रेक्झिन शे. आणि हात आमच्याच घरचा दिसतो."

"मी हे करायला सांगितलेले नाही."

"मंग कोणी तरी सांगितलं."

त्याने चार बोल्ट सैल केले आणि गादी उचलून पोर्चच्या फरशीवर पालथी घातली. खालच्या अंगाला गोणपाट ताणून बसवलेले होते, चाळीस वर्षांच्या धुळीने करडे झालेले. त्याने मऊ ब्रशने धूळ झाडली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा झाडताना त्याचा हात मंदावला. गोणपाटाला पांढऱ्या कापडाची एक पट्टी टाचलेली होती आणि तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीने काही लिहिलेले होते.

"बापाचं अक्षर," लीलाधर म्हणाला. त्याचे वडील तोताराम धुळ्याच्या आग्रा रोडवर गाद्यांचेच काम करीत. माणूस विसराळू, म्हणून कोणाची गादी, कशी करायची, ते पालथ्या अंगाला लिहून ठेवायचा. लीलाधरने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि शाळेत धडा वाचावा तसे एकेक शब्द सुटा करून वाचले. "जळगाव. सुरेशचंदजी. पुढची डावी. घोड्याचे केस काढून काथ्या भरणे. सरस लावू नये, नुसती शिलाई. बाई बसणार. सतरा ऑगस्ट त्र्याऐंशी."

पोर्चच्या जाळीवर चिमणी येऊन बसली आणि गेली.

सरस लावू नये. हाडे-कातडी उकळून केलेला तो चिकट पदार्थ गादीच्या आत कोठे असतो, हे तिलासुद्धा ठाऊक नव्हते. तिच्या नियमात ते नव्हते. नियम चामड्याचा होता, डोळ्यांना दिसणाऱ्या आणि बोटांना लागणाऱ्या चामड्याचा. आत काय भरतात, कशाने चिकटवतात, इथवर तिची स्वतःची बुद्धी कधी गेली नव्हती. कोणी तरी तिच्या नियमाच्या आत शिरून, तिच्याही पलीकडे जाऊन, तो पाळला होता... आणि वरून पांढरी खोळ घातली होती.

सतरा ऑगस्ट. त्या चातुर्मासात ती धुळ्याला भावाकडेच होती, पाचव्या गल्लीत. तोतारामचे दुकान तिथून पाच मिनिटांवर. स्थानकात जाता-येता तिने ते रोज ओलांडले असणार. आत कोठे तरी ही गादी उघडी पडलेली असणार, तिच्यातून घोड्याचे केस उपसले जात असणार, आणि ती डोक्यावरचा पदर सारखा करीत, नजर जमिनीवर ठेवून, किडामुंगी वाचवत पुढे जात होती.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि ते न्यायला आले. गल्लीत गाडी उभी राहिली. ओट्यावर आई, भाऊ, शेजारच्या दोन बायका, उन्हात पाय सोडून बसलेल्या. ते खाली उतरले, वळसा घालून आले, आणि मागचे दार उघडायचे सोडून त्यांनी पुढचे डावे दार उघडले. दार धरून उभे राहिले. "खोळ नवी आहे," एवढेच म्हणाले.

खोळ नवी आहे.

आणि मी... काय म्हणाले मी? शब्द आठवत नाहीत, असे म्हणण्याची सोय नव्हती. तिला शब्द नेहमीच आठवत, आपलेही आणि दुसऱ्यांचेही. "मेलेल्या जनावराच्या मांडीवर बसायला मी अजून एवढी थकलेली नाही," असे ती म्हणाली होती, ओट्यापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात. बायका हसल्या. भाऊ हसला. तेही हसले, सगळ्यांत शेवटी, थोडेसे. मग त्यांनी तिच्या हातातला मोठा स्टीलचा डबा, आईने दिलेल्या खाकऱ्यांचा, घेतला आणि पुढच्या डाव्या गादीवर ठेवला, आणि दार इतके हळू लावले की खटका वाजला नाही. पुन्हा उघडून लावावे लागले.

जळगावपर्यंत त्यांच्या शेजारी डबा बसून आला. बाभळी, निंब, कापसाच्या गाड्या. ती मागच्या काचेतून सगळे पाहत होती, म्हणजे सगळे मागे पळत असलेले. त्यांची मान दिसत होती, आणि आरशात एक डोळा, अर्धी भुवई. तेवढ्या डोळ्याशी तिचा सगळा संसार बोललेला होता. चालत्या गाडीत ती पाणी पीत नसे, हे त्यांना ठाऊक होते. पारोळ्याच्या अलीकडे एका निंबाखाली ते न सांगता गाडी थांबवीत, लोटी मागे देत, आणि तिचे पिऊन होईपर्यंत समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहत. त्या दिवशीही थांबवली होती. त्या दिवशी निंबाखाली ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले होते का? एका वाक्याचे काम होते. सांगितले असते तर... पण सांगितले असते तर तिने आधी लीलाधरच्या बापाला बोलावून विचारले असते, मग गादी उसवून पाहिली असती. आणि त्यांना उसवून दाखवायचे नव्हते. ती नुसती येऊन बसावी, असे काही तरी त्यांना हवे होते. किंवा तेही नसेल. किंवा त्यांनाही तिच्याइतकाच ताठा होता, फक्त त्याला आवाज नव्हता.

त्यानंतर पस्तीस वर्षे त्या जागेवर काय काय बसले! फैजपूरच्या केळीच्या फण्या, लग्नांच्या पत्रिकांचे गठ्ठे, तिच्या औषधांची पिशवी, शेवटी शेवटी त्यांची काठी. माणूस कधीच नाही.

लीलाधरने गादी पुन्हा जागेवर चढवली, बोल्ट आवळले, ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसला आणि पिळलेल्या फडक्याने कोरडा केला. रेक्झिनला तेल लावायचे नसते, लावले तर चिकटते आणि धूळ धरते, असे काहीसे तो सांगत होता. चामड्याचे वेगळे, त्याला तेल नुसत्या तळहाताने जिरवावे लागते, माणसाच्या अंगाची ऊब लागते त्याला, तेव्हा कुठे ते नरम होते. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. उन्हाची तिरीप पोर्चच्या जाळीतून गाडीच्या आत गेली होती. मागची गादी धुतल्यामुळे लखलखत होती, अगदी नवी, अगदी तिची.

"दार धरा," ती म्हणाली.

लीलाधरने मागच्या दाराला हात घातला.

"ते नव्हे."

बसताना काथ्या करकरला, आत कोठे तरी, उसाचे पेर मोडावे तसा. चाळीस वर्षे वजनाची वाट पाहून तो बहुधा विसरून गेला होता. गादी थोडी उंच होती, थोडी कठीण. पाय लांब करता येत होते, हे तिला ठाऊक नव्हते. पुढे काच इतकी जवळ असते, हेही नव्हते. तिने सवयीने वर आरशाकडे पाहिले. त्यांनी लावून ठेवला होता तसाच तो होता, कोणी हलवला नव्हता. पण इथून त्यात ना त्यांचा डोळा दिसत होता, ना मागची गादी. उजव्या खिडकीचा एक कोपरा होता आणि त्यात पेरूच्या झाडाची फांदी. आरशात ती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा या गाडीत तिच्याकडे कोणी पाहत नव्हते, आणि तिला त्याचे वाईट वाटायला हवे होते, पण तसे झाले नाही. उलट खांद्यांवरून काही तरी उतरून खाली, पायांशी, गेल्यासारखे झाले.

शेजारी, हातभरही नाही एवढ्या अंतरावर, तो खळगा होता. मधोमध खोल, उजव्या बाजूला जरा जास्त, कारण ते चाकाकडे झुकून बसत. तिने दिलेला पाण्याचा डाग अजून ओला होता. तिने आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि दोन गाद्यांच्या मधल्या फटीवर धरला, न टेकवता. हात टेकवला असता तर नियम मोडला असता. उचलून घेतला असता तर... त्यालाही काही तरी नाव असेलच. हात तिथेच राहिला. जणू तो फार दिवसांपूर्वीपासून तिथेच होता.

लीलाधर हातात कात्री घेऊन उजव्या दाराशी येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. कारागीर माणूस, त्याला वाट पाहता येत होती. मग खाकरला.

"मंग अक्का, उजवं फाडू का राहू देऊ? ऊन गेलं का मले शिलाई दिसत नाही."

समोर कंपाउंडची भिंत होती, चुन्याची, कालच रंगवलेली. तिच्यावर ऊन पिवळे होऊन लांबत चालले होते, आणि लांबता लांबता त्याला कडा आल्या, दोन्ही बाजूंना बाभळी आल्या, मग निंब, आणि पहिल्यांदाच ती झाडे तिच्यापासून मागे पळत नव्हती, समोरून येत होती, एकेक, सावकाश, नीट दिसत.

"पारोळा येऊ द्या," ती म्हणाली. "मग सांगते."

लीलाधरने भिंतीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि कात्री मिटून टपावर ठेवली. तिच्या डाव्या हातातल्या लोटीत अजून दोन घोट पाणी होते आणि सूर्य मावळायला फारसा अवकाश नव्हता, हे तिला कळत होते. पण चालत्या गाडीत पाणी प्यायची तिला सवय नव्हती.